दहावीच्या वर्गाखालचा माग

अकराची घंटा झाली. मुली उन्हात पांगल्या, शिक्षिकांनी डोक्यावरून पदर घेऊन घरची वाट धरली, आणि शामला धकाते हजेरीपट कार्यालयात ठेवून दहावीच्या रिकाम्या वर्गाकडे परत वळली. तिच्या हातात इंग्रजीचे पुस्तक होते आणि मनात एवढाच बेत होता, की तासभर मोठ्याने वाचावे आणि मग जेवायला जावे.

१९६८ सालची ही गोष्ट. होळी झाली की नागपुरातल्या शाळा सकाळच्या होत, सात ते अकरा. त्यानंतर पाचपावलीतले रस्ते असे ओस पडत की सायकलची घंटासुद्धा दुरून ऐकू यावी. अशा वेळी शाळेत थांबण्याची हौस कोणाला नव्हती. शामलेलाही नव्हती. पण तिची गरज मोठी होती.

तीन वर्षे ती या मुलींच्या शाळेत तात्पुरती इंग्रजी शिक्षिका होती. दर एप्रिलअखेर तिची सेवा संपे आणि दर जूनमध्ये नवे नेमणूकपत्र येई. गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या गोपाळराव साहेबांनी शेरा दिला होता: ‘व्याकरण निर्दोष. काव्यवाचन निर्जीव.’ यंदा दोन एप्रिलला तेच साहेब येणार होते आणि कवितेचाच तास पाहणार होते. शेरा सुधारला तर ती कायम होणार होती. नाही सुधारला, तर जूनमध्ये पत्र येणार नव्हते. मग उमरेडला वडिलांच्या घरी परत. तिकडे तिला कोणी टोचून बोलले नसते. ‘आलीस, बरं झालं,’ एवढेच म्हणून मागावर थोडे सरकून तिला बसायला जागा करून दिली असती. विणकरांच्या त्या आळीतली पदवी घेतलेली ती पहिली मुलगी होती, आणि नेमकी ती सरकून दिलेली जागाच तिला सहन होण्यासारखी नव्हती.

मुख्याध्यापिका सिंधूताई तिच्या हितचिंतक होत्या, पण जीभ त्यांची धारदार. “धकातेबाई,” त्या आदल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “तुम्ही वाक्याचं पृथक्करण शिकवता ना, तेव्हा मी दाराआड उभी राहून ऐकते. कविता सुरू झाली की मी आपली निघून जाते.”

शामलेला राग आला नव्हता, कारण ते खरे होते. व्याकरणात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. चुकलेले क्रियापद तिला जेवणातल्या खड्यासारखे लागे. पण इंग्रजी तिने उमरेडला पुस्तकातून उचलले होते, आणि तिच्या मास्तरांनीही ते पुस्तकातूनच उचललेले होते. इंग्रजी कविता कानावर पडण्याचा योग कोणालाच आला नव्हता. मग मराठी कवितेत जे करायचे तेच ते करीत. ऱ्हस्व अक्षर हलके, दीर्घ अक्षर जड, आणि सगळ्यावर एक चाल. तीच चाल शामला नागपूरला घेऊन आली. यंदाच्या पुस्तकात, जगभर शिकवल्या जाणाऱ्या त्या जुन्या इंग्रज नाटककाराच्या एका नाटकातले राजाचे स्वगत होते, चौदा ओळींचे. दहावीच्या चाळीस मुली ते तिच्यामागून म्हणत, तेव्हा राजा आरती म्हणतो आहे असे वाटे. चूक कळत होती; दुरुस्तीचा नियम मात्र एकाही पुस्तकात सापडत नव्हता.

दहावीचा वर्ग म्हणजे शाळेच्या आवारातली मागची लांबट कोठी. भिंती जाड, खिडक्या उंचावर आणि लहान, जमिनीला काळी फरशी. कोपऱ्याकडची फरशी थोडी नव्या वाणाची होती. शाळा येण्यापूर्वी तिथे हातमाग चालत, एवढे सर्वांना ठाऊक होते. त्या वस्तीत अशा कोठ्या पुष्कळ होत्या, आणि सकाळ-संध्याकाळ धोट्यांचा आवाज इतका असे की शिकवताना तो ऐकू येईनासा होई.

शामलेने दार लोटून घेतले, बाकांकडे तोंड करून उभी राहिली आणि पहिली ओळ म्हटली.

तेव्हाच माग सुरू झाला.

सर्र... ठक्. सर्र... ठक्. धोटा हलकेच सरकतो आणि फणी जोरात बसते; जन्मापासून ऐकलेला तो आवाज. पलीकडच्या घरात कोणी बसले असेल, असे मनात येऊन गेले आणि ती वाचीत राहिली. दुसऱ्या ओळीपर्यंत तिच्या ध्यानात आले की आपण मागाच्या तालावर वाचतो आहोत. एक हलके, एक जड. एक हलके, एक जड. पाच वेळा ठक् झाले की ओळ संपत होती. तिसरी ओळ संपली, ठक् नेमके पाच. शामलेच्या अंगावर शहारा आला, पण तो आनंदाचा होता.

चौथ्या ओळीच्या मधोमध माग थांबला.

तीही थांबली. मग तिने ओळ पुन्हा म्हटली. माग सुरू झाला आणि त्याच शब्दावर पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा तसेच. मागावर धागा तुटला की विणणारी हात आखडते, गाठ मारते आणि मगच पुढे जाते. शामलेने आपल्या आईला हे हजार वेळा करताना पाहिले होते. तिने त्या शब्दाचे वजन बदलले. दीर्घ अक्षरावरून आवाज उचलला आणि आधीच्या आखूड अक्षरावर ठेवला. व्याकरणाच्या दृष्टीने ते तिला अन्यायाचे वाटले.

माग पुढे चालू लागला.

दुसऱ्या दिवशीही ती वाचीत होती, तेव्हा दाराशी अंजनाबाई येऊन उभी राहिली. शाळेची शिपाईण, हातात कुलूप. “बाई, घरी नाही जायचं काय वं? ऊन पाहा कसं तापून राहिलं. मले बी जेवाले जायचं हाय.”

“झालंच, अंजनाबाई. आणखी दहा ओळी.”

“कालही दहाच होत्या,” अंजनाबाई म्हणाली. “बाकं पास झाली असतीन आता.”

आठ दिवस हे चालले. रोज अकरानंतर ती वाची, रोज माग तिला चुकीवर अडवी आणि बरोबर आले की सोडी. तिला हा शेजार देवाने धाडल्यासारखा वाटू लागला. सकाळच्या तासाला ती मुलींकडून तेच म्हणवून घेई. मुली बाकाखाली टाचेने ताल धरू लागल्या, आणि राजा हळूहळू राजासारखा बोलू लागला. एके दिवशी कविता चालू असताना तिने सहज दाराकडे पाहिले. सिंधूताई दाराआड उभ्या होत्या. निघून गेलेल्या नव्हत्या.

नवव्या दिवशी फाल्गुनी अमावास्या होती.

त्या दुपारी शामला चौदाच्या चौदा ओळी न अडता म्हणून गेली. माग एकदाही थांबला नाही. घामाने पुस्तकाचे पुठ्ठे हाताला चिकटत होते, पण मन हलके झाले होते. या शेजारणीला भेटून दोन शब्द बोलायलाच हवेत, असे तिने ठरवले. बाहेर अंजनाबाई व्हरांड्यातल्या माठापाशी बसून पदराने वारा घेत होती.

“अंजनाबाई, मागच्या अंगाला कोणाचा माग आहे हो?”

“मांगच्या अंगाले? तिथं तं लाकडाची वखार हाय.”

“मग डाव्या हाताला असेल. आता चालू होता तो.”

अंजनाबाईचा हात थांबला. “आता?” ती म्हणाली. “बाई, आज अमोशा हाय. आज साऱ्या वस्तीत कोनाचाच माग चालत नाही. तुमी तं विणकराच्या लेक. तुमाले मी काय सांगू?”

अमावास्येला माग बंद, हे शामलेच्या घरी देवाच्या नावाइतके पक्के होते. तिने कान दिला. खरोखरच, त्या दिवशी पाचपावलीत एकही धोटा वाजत नव्हता. सकाळपासून वाजला नव्हता. इतकी शांतता होती आणि ती आपल्या ध्यानात कशी आली नाही...

ती वर्गात परतली. का परतली, हे तिला पुढेही सांगता आले नसते. आत उकाडा होता आणि उकाड्यात एक वास होता. आंबूस, ओला, खळीचा. सुताला लावलेली तांदळाची खळ उन्हात वाळताना येतो तो वास. आठ दिवस नाकाशी असूनही तिने तो घरचा म्हणून सोडून दिला होता. टेबलावर दौत उघडी होती. शामलेने अगदी हळू, जवळजवळ ओठांतच, पहिली ओळ म्हटली.

सर्र... ठक्.

दौतीतली शाई हलली. प्रत्येक ठक्‌ला काठापर्यंत एक बारीक कडे उमटत होते. आवाज भिंतीपलीकडून येत नव्हता. तो पायाखालून येत होता... कोपऱ्यातल्या त्या नव्या वाणाच्या फरशीखालून.

शामलेने बाहेर येऊन त्या फरशीकडे बोट दाखवले. अंजनाबाईने तिला माठातले पाणी पाजले आणि मग, उन्हाकडे पाहत, सांगितले.

“शाळा नव्हती तवा इथं चार माग होते, खड्ड्याचे. पाय खाली सोडून बसाचे. चौथ्यावर सुभद्रा बसे. मांगंपुढं कोनी नाही, एकली. हात मात्र असा, का तिचं लुगडं ओळखू येई. एका नवरीचं लुगडं विणून राहिली होती. सारं झालं, पदर तेवढा राहिला. दुपारी लोक जेवाले गेले, हे बसली. येऊन पाहतात तं मान कापडावर टेकली होती. त्याइले वाटलं डोया लागला.”

“मग?”

“मग काय. लग्न उद्यावर. मालकानं कापड कापून देऊन टाकलं, बिनपदराचं. तेरावा बी होऊ देल्ला नाही, खड्डा बुजवला. पन मंग तिथं कोनी बसेच ना. म्हनून तं शाळेले जागा भेटली.”

शामलेच्या घरी एक रीत होती. विणणारी गेली तर तिच्या मागावरचे कापड घरातल्या दुसऱ्या बाईने पुरे करायचे, मगच माग मोडायचा. अर्धे कापड कापू नये. का, ते कोणी कधी सांगितले नव्हते.

शामला म्हणाली, “पण अंजनाबाई... तिला इंग्रजी कसं कळेल?”

“तिले काहून पाह्यजे इंग्रजी?” अंजनाबाई म्हणाली. “धागा कुठं तुटला, तेवढं तिले समजते.”

पाडव्याच्या दिवशी शाळा बंद होती. शामलेने दिवसभर खोलीचे दार लावून घेतले. वर्ग बदलून मागावा, आजारी पडावे, सगळे विचार करून झाले. पण दोन एप्रिल कोणासाठी थांबणार नव्हता; आणि खोलवर कुठेतरी तिला दुसरेच काही खुपत होते. आठ दिवस जिने आपला एकही तुटका धागा पुढे जाऊ दिला नाही, तिने आपले वाईट असे काय केले होते? अशी शिकवणारी आपल्याला सबंध कॉलेजात भेटली नाही, हे तिला कबूल करावे लागले. पाडव्यानंतर ती पुन्हा वर्गात गेली. भीती होतीच. भीती बाळगूनच तिने वाचले.

दोन एप्रिलला सकाळी साडेसातला गोपाळराव साहेब दहावीच्या वर्गात आले आणि शेवटच्या बाकामागे खुर्ची टाकून बसले. शेजारी सिंधूताई, हात मांडीवर घट्ट धरून. चाळीस मुलींनी श्वास रोखला होता. शामलेने पुस्तक न उघडता पहिली ओळ म्हटली.

खालून काही आले नाही.

दुसरी ओळ. तिचा आवाज तिलाच परका वाटला. तिसऱ्या ओळीला उमरेडची ती जुनी चाल घशात येऊन बसली, जणू कुठे गेलीच नव्हती. गोपाळरावांनी पेन्सिलचे टोक कागदावर टेकवले. शामला ओळीच्या मधोमध थांबली. अमावास्येपासून ज्या आवाजाला ती भ्याली होती, तो यावा म्हणून तिने त्या क्षणी जी प्रार्थना केली, तशी तिने देवळातही कधी केली नव्हती.

सर्र... ठक्.

पहिल्या बाकावरच्या मुलींनी पायाकडे पाहिले. शामलेने तिसरी ओळ पुन्हा सुरुवातीपासून घेतली. आता ती अडली नाही. एकामागून एक ओळी बसत गेल्या, हलके आणि जड, हलके आणि जड. राजाचे दुःख त्या कोंदट कोठीत असे उभे राहिले की एका मुलीने डोळे पुसले. गोपाळरावांनी पेन्सिल खाली ठेवली.

“तो आवाज कसला?” चौदावी ओळ संपल्यावर त्यांनी विचारले.

“माग, साहेब. विणकरांची वस्ती आहे.”

“हं. ताल बरा आहे.”

पण माग थांबला नव्हता. ओळी चौदाच होत्या. त्या संपल्या होत्या, आणि माग पुढे चालला होता... पूर्वीपेक्षा जलद, काम शेवटाला आल्यावर हात चालतो तसा. शामलेने घाईने मुलींना उभे केले आणि स्वगत समूहाने म्हणवून घेतले. एकदा. मग पुन्हा एकदा. चाळीस आवाजांखाली तो दबला, पण तास संपल्याची घंटा होईपर्यंत तिच्या तळपायांना तो जाणवत राहिला.

व्हरांड्यात गोपाळराव म्हणाले, “गेल्या वर्षी तुम्ही असं वाचत नव्हता. कोणाकडे शिकलात?”

“एका बाईंकडे, साहेब. इथल्याच.”

“कोणत्या कॉलेजात शिकवतात?”

“आता शिकवत नाहीत,” शामला म्हणाली.

साहेब गेल्यावर सिंधूताईंनी शेऱ्याची वही तिच्यापुढे धरली. “वाचा. मोठ्यानं वाचा, मला पुन्हा ऐकायचंय.” वहीत लिहिले होते: ‘व्याकरण निर्दोष. काव्यवाचन असे या जिल्ह्यात अन्यत्र ऐकले नाही. कायम करण्याची शिफारस.’ शामलेला शेवटचा शब्द वाचता आला नाही. सिंधूताईंनी तो वाचला आणि चष्मा पुसला.

अकरानंतर ती वर्गात गेली. अंजनाबाईला तिने दाराबाहेर थांबायला सांगितले. नारळ, मूठभर तांदूळ, हळद-कुंकू तिने पिशवीतून काढले आणि कोपऱ्यातल्या फरशीवर ठेवले. सवाष्णीची ओटी भरतात तशी भरावी, की गुरूपुढे दक्षिणा ठेवतात तशी ठेवावी, हे तिला ठरवता येईना. ती फरशीवर बसली. तीन वर्षे शाळेत, कार्यालयात, घरमालकिणीशीसुद्धा तिने शुद्ध भाषेखेरीज एक शब्द उच्चारला नव्हता. आता तोंडून आपोआप घरची बोली आली.

“मावशे,” ती हळूच म्हणाली, “मी उमरेडच्या रुपराव धकात्याची पोरगी हावो. तू मले राखलं. नाही तं मी कुठं गेली असती... तुह्यं काम लोकाइनं अर्धं तोडलं, थे मले मालूम हाय. माह्यापाशी तुले द्याले काई नाही वं. पन तुह्यं नाव मी विसराची नाही.”

फरशीला तिने कपाळ टेकवले. फरशी गार होती. बाहेर ऊन रणरणत असताना ती इतकी गार कशी, असा विचार येऊन गेला. माग वाजला नाही. पदर फरशीवर पसरला होता, तो सावरून ती उठली.

घरी येऊन तिने पातळ बदलले. मिलचे पांढरे, अगदी साधे पातळ होते ते, पदराला रेघसुद्धा नसलेले. घडी घालताना तिच्या बोटांना पदराच्या टोकाशी काहीतरी ओले लागले. तिथे, अगदी शेवटी, बोटभर रुंदीची तांबडी पट्टी विणलेली होती. वीण हातमागाची, घट्ट, कुठे गाठ नाही. पट्टीला खळीचा वास येत होता.

शामला पुष्कळ वेळ ते हातात धरून बसली. मग तिने पातळाची नीट घडी केली, ती लोखंडी पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप लावले. रात्री ती शांत झोपली.

सकाळी तिने पेटी उघडली. घडी जशीच्या तशी होती. पट्टी दोन बोटे झाली होती. आणि तिच्या कडेचा एक तांबडा धागा, ओला, ताठ ताणलेला, पेटीच्या तळाच्या फटीतून खाली जमिनीकडे गेला होता.

अर्धे कापड कापू नये, ही घरची रीत होती. तो न तोडता तिने पदर हळूच उचलला. धागा तिच्या हाताबरोबर सैल झाला, जणू पलीकडून कोणी सोडीत होते.

ती तेच पातळ नेसली. पहिला तास दहावीचा होता.